नेरिमानच्या पत्रातली नामं

बोट्रोप, रविवार, ७ ऑक्टोबर २०१८

लाडकी लेक नेरिमान हिला,

सगळ्यात आधी सलाम, आणि तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके. जावईबापूंना आणि नातीला माझे आशीर्वाद सांग. इकडे अल्लाच्या कृपेने मी ठीक आहे. छातीत खाणीची धूळ आहे ती आहेच, जिना चढताना दोनदा थांबतो. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे. ती जेवणाआधी घ्यायची की नंतर हे मी विसरलो, म्हणून दोन्ही वेळा अर्धी अर्धी घेतो. परसात यंदा घेवडा चांगला आला, पण खाणार कोण? पिशव्या भरून शेजारी वाटला.

तुझं पत्र सप्टेंबरच्या चौदा तारखेला पोचलं. तू जर्मनमध्ये लिहितेस आणि जेमाल मला तुर्कीत सांगतो, असं सत्तावीस वर्षं चाललं आहे. तू आपल्या भाषेत का लिहीत नाहीस हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण जेमाल ऑगस्टमध्ये बायकामुलांना घेऊन श्टुटगार्टला राहायला गेला. नोकरी तिकडे लागली, त्याचा काय दोष. त्यामुळे तुझं पत्र टेबलावर नऊ दिवस तसंच पडून होतं. मी त्याच्यावर काही सांडू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जेवत होतो.

जेमाल फोनवर म्हणाला, "बाबा, फोटो काढून पाठवा, मी वाचून सांगतो." मी म्हटलं, मला फोटो काढता येत नाही. येतो खरं तर. असं का बोललो कोण जाणे. शेजारच्या बाईही म्हणाल्या, आणा, मी वाचते. पण लेकीचं पत्र परक्या बाईच्या तोंडून ऐकायला मन तयार होईना.

म्हणून मी शाळेत नाव घातलं आहे. हसू नकोस. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. आम्ही अकरा जण, मी सगळ्यात म्हातारा. बाई विचारत होत्या, जर्मनीत येऊन किती दिवस झाले. कोणी म्हणे आठ महिने, कोणी दोन वर्षं. मी म्हटलं, सत्तेचाळीस वर्षं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. फ्राउ वेसेलिंग त्यांचं नाव.

नेरिमान, मला वाटत होतं मला जर्मन येतं. खाणीत तेवीस वर्षं बोललो की. "तू लॅम्प आण. तू इथे थांब. आज छप्पर वाईट." मुकादम आमच्याशी असाच तुकड्या-तुकड्यांत बोलायचा, आम्हांला वाटायचं भाषाच तशी आहे. आता कळतंय की प्रत्येक वस्तूपुढे देर, दी नाहीतर दास लागतं, आणि ते खाली आम्हांला कोणी कधी दिलंच नाही. आपल्यात बाई असो, बुवा असो, खुर्ची असो, सगळ्यांना एकच सर्वनाम, भांडण नाही. इथे चमचा पुरुष, काटा बाई, आणि सुरी यातलं काहीच नाही. कारण विचारलं तर बाई म्हणतात, कारण नाही, पाठ करा. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. देरला निळी, दीला लाल, दासला हिरवी. फ्रीजवर निळी, दिव्यावर लाल, पलंगावर हिरवी. माझ्या शेजारी एलमास म्हणून मार्दिनकडची एक सासुरवाशीण बसते. ती म्हणते, "काका, घरी पाहुणे आले की त्यांच्याही कपाळावर चिकटवा."

बाईंना मी सांगितलं, मला एक पत्र वाचायचं आहे, बाकी काही शिकवलं नाहीत तरी चालेल. त्या म्हणाल्या, "घाई करू नका, हेर केस्किन. आधी नुसती नामं शोधा. जर्मनमध्ये नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, ती लगेच सापडतील. एकेकाचं लिंग शब्दकोशात बघून चिठ्ठी करा. वाक्यांचं नंतर बघू." तसं रोज करतो आहे. काल पहिलं पान संपलं. देर आर्झ्ट, डॉक्टर. दास क्रांकेनहाउस, इस्पितळ. देर फ्लूर, लांब बोळ, इस्पितळात असतो तसा. दी मुटर, आई, तीनदा. आई म्हणजे तू तुझ्याबद्दलच लिहिलं असशील, मुलीची आई म्हणून.

पण इतके दवाखान्याचे शब्द का गं? तू आजारी तर नाहीस ना? जेमालला विचारलं तर म्हणतो, ताई ठणठणीत आहे, परवाच बोलणं झालं. मग हे काय आहे? माझा जीव थाऱ्यावर नाही.

एवढीच इच्छा आहे की येत्या ईदेला तू घरी यावंस. एकदा. दरवर्षी पत्राच्या शेवटी जेमाल वाचायचा, "ताई म्हणते, यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू." यंदा तू काय लिहिलं आहेस ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

काळजीत असलेला,
तुझा बाप दुर्सुन


बोट्रोप, गुरुवार, २० डिसेंबर २०१८

प्रिय नेरिमान,

सलाम आणि डोळ्यांचे मुके. इथे पाऊस आणि चिखल. उद्या इथली शेवटची खाण बंद होते. जुने सोबती काळे कोट घालून जाणार आहेत, मलाही बोलावलं आहे. मी जाणार नाही. थंडी फार आहे. शिवाय तिथे बँड वाजवतात, मला रडू येतं, आणि मग खोकला.

तुझं पत्र वाचून झालं. तू आजारी नाहीस, हे कळलं. आई म्हणजे तू नव्हेस, हेही कळलं.

एकूण एकतीस नामं निघाली. टेबलावर तीन रांगा लावल्या. लाल रांगेत आई, भीती, टोपी, दोष. हिरव्या रांगेत इस्पितळ, मूल, चेहरा. निळ्या रांगेत डॉक्टर, बोळ, बाप. क्रियापदं मला अजून नीट येत नाहीत, पण ती लागलीच नाहीत. चिठ्ठ्यांकडे बघत बसलो आणि चहा गार झाला.

"पुढच्या वर्षी बघू" हे त्यात कुठेच नाही. वर्षाला, येण्याला, ईदेला जे शब्द असतात त्यांतला एकही नाही. मग मी बिस्किटांच्या डब्यातली तुझी जुनी पत्रं काढली. याच्यासकट अठ्ठावीस आहेत. सगळी वाचली असं म्हणत नाही, पण चाळली. पुढच्या वर्षी बघू कुठेच नाही.

जेमालला फोन केला. चांगला फैलावर घेतला. म्हटलं, तू सत्तावीस वर्षं माझ्यासमोर बसून कुठलं पत्र वाचत होतास? तो म्हणाला, "बाबा, पहिलं पत्र आलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तुम्ही चहाचा ग्लास हातात धरून समोर बसला होतात. ते लिहिलंय तसं वाचलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा तसेच बसला होतात."

मी रागाने म्हटलं, माझी दोन्ही मुलं सारखीच, बापाला गोड तेवढं सांगतात, खरं पोटात ठेवतात. हे बोललो आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून हेच वाक्य डोक्यात फिरतं आहे, कारण ते मी पूर्वीही एकदा बोललो होतो. तू तिथे होतीस.

तुझ्या प्रत्येक पत्रात शेवटी एक वाक्य आहे, पुढे प्रश्नचिन्ह असलेलं. अठ्ठावीस पत्रांत तेच. त्याचा अर्थ मला अजून पक्का लागलेला नाही. टोपीचं काय तेही नीट कळलं नाही. ते वाक्य मी वेगळ्या कागदावर उतरवून फ्राउ वेसेलिंगना दाखवलं, कोणाचं आहे ते न सांगता. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हेर केस्किन, यात अवघड शब्द एकही नाही."

तरी मी शब्दकोश आणखी एकदा बघतो. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो. शिवाय तुझी आई गेली त्याला चौतीस वर्षं झाली. काही गोष्टी पुन्हा उकरून काय मिळतं? तुझ्या मुलीला या वर्षी कुठली यत्ता? तिला गोड काय आवडतं ते कळव, मी पार्सल करीन.

शब्दकोश उघडा ठेवून,
तुझा बाप


बोट्रोप, रविवार, १० फेब्रुवारी २०१९

नेरिमान,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते वाक्य मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. "बाबा, त्या दिवशी तुम्हांला कळलं होतं का?" एवढंच आहे ते.

हे पत्र मी चार वेळा सुरू करून फाडलं. आज पुरं करणार, कारण बुधवारी एक गोष्ट घडली. आधी ती सांगतो.

एलमास दोन आठवडे वर्गात आली नव्हती. मग आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, छातीत गाठ निघाली आहे, तुकडा काढून तपासायला दिला होता, बुधवारी डॉक्टर सांगणार. नवरा मालाचा ट्रक घेऊन स्पेनकडे गेलेला. मी विचारलं, सोबत कोण? ती म्हणाली, झिलानला नेते. झिलान तिची मुलगी, दहा वर्षांची. "पोरगी फाडफाड जर्मन बोलते, काका. शाळेतून अर्धा दिवस काढते तिला. आपल्याकडे सगळे असंच करतात की."

मी म्हटलं, तिला शाळेत राहू दे. मी येतो.

ती हसायला लागली. "काका, तुम्हांला टेबल बाई की बुवा ते अजून सांगता येत नाही."

मी म्हटलं, "बुवा आहे. आणि मी येतोय."

गेलो. डॉक्टरीण तरुण होती. मी तिला सांगितलं, मी हिचा कोणी नाही, मला थोडं येतं, सावकाश बोला. ती सावकाश बोलली. देर-दी-दास मी किती चुकवले असतील देव जाणे, तिने एकदाही टोकलं नाही. तिने जे सांगितलं ते मला कळलं. मग ती थांबली, आणि एलमास माझ्या तोंडाकडे बघू लागली.

नेरिमान, अशा वेळी माणूस आपल्या तोंडाकडे कसा बघतो, ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. काही नाही गं, साधी गाठ आहे, गोळ्यांनी जाईल. किती सोपं होतं. तिचा चेहरा लगेच उजळला असता, आणि तो उजळलेला बघायला मी अर्धा जीव दिला असता. त्या दिवशी तू बारा वर्षांची होतीस.

मी तिला सांगितलं. "एलमास, कर्करोग आहे. लवकर कापायचा म्हणते. वेळेवर आलीस असंही म्हणते. मी यात काही घातलं नाही आणि काही काढलं नाही." ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "विचारा, कधी." मी विचारलं. पुढल्या सोमवारी. झिलान शाळेतून घरी आली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. आईनं तिला स्वतः जवळ घेऊन सांगितलं, तिला समजेल तेवढं.

आता तुझं.

एप्रिल महिना होता. तुला मी कवायतीच्या तासातून बोलावून आणलं होतं, तू पांढऱ्या कापडी बुटांवरच आलीस. तुझी आई आत कपडे घालत होती. डॉक्टर बोळात आले, तुला बघून थांबले आणि मला म्हणाले, घरात दुसरं कोणी मोठं नाही का? हे मला तेव्हाही समजलं होतं. मी माझ्या खाणीच्या जर्मनमध्ये म्हटलं, "मुलगी हुशार. मुलगी बोलते." तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला पुढे केलं. त्यांची इच्छा नव्हती. मी केलं.

मग ते बोलले. लांब वाक्यं होती, त्यांतली बरीचशी माझ्या डोक्यावरून गेली. पण रोगाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. ते नाव मला माहीत होतं. माझा पाळीतला जोडीदार झिगमुंड दोन वर्षांपूर्वी त्यानेच गेला होता, आणि त्याच्या बायकोने दारात उभं राहून तेच नाव मला सांगितलं होतं. तेव्हा मी टोपी काढून हातात घेतली होती. त्या दिवशी बोळातही मी टोपी काढली. तू तोंड उघडायच्या आधी. तू ते बघितलंस. या वर्षी तू तेच लिहिलं आहेस, आणि टोपीचं मला कळलं नाही असं मी तुला लिहिलं.

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "अशक्तपणा आहे म्हणतात, बाबा. आई बरी होईल."

मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं असतं, नेरिमान, नक्की असंच म्हणाले का, तर तू तिथेच रडली असतीस आणि सगळं सांगितलं असतंस. ते मला दिसत होतं. म्हणूनच विचारलं नाही. टोपी डोक्यावर घातली आणि तुला शाबास म्हटलं. मी तुझा शब्द घेतला, कारण तो मला हवा होता.

पुढे चार महिने तुझी आई म्हणत राहिली, मला गावी घेऊन चला, अम्माजवळ बसायचं आहे. मी म्हणायचो, डॉक्टर म्हणालेत तू बरी होणार, सप्टेंबरात सुट्टी मिळाली की जाऊ. गावी नेलं असतं तर ती मरणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. माझी छाती झाली नाही. ऑगस्टच्या शेवटी ती या घरातच गेली, खिडकीजवळच्या पलंगावर. सप्टेंबरात पेटीतून गावी नेली.

आणि गावी, मातीनंतर तिसऱ्या दिवशी, बायका बसल्या होत्या आणि तू रव्याच्या हलव्याची ताटली घेऊन फिरत होतीस. तुझ्या आजीने मला सगळ्यांसमोर विचारलं, "माझी हमीदे जिवंत होती तेव्हा का नाही आणलीस?" मी तुझ्याकडे बोट केलं. म्हटलं, हिला विचारा. डॉक्टर काय म्हणाले ते हिने मला सांगितलंच नाही. मला गोड तेवढं सांगितलं, खरं पोटात ठेवलं.

ताटली तुझ्या हातातून पडली नाही. तू ती तशीच धरून उभी राहिलीस. आजी मरेपर्यंत तुझ्याशी बोलली नाही, आणि मी ते होऊ दिलं. तू एकोणिसाव्या वर्षी घर सोडलंस तेव्हा लोकांना सांगितलं, पोरगी जर्मन झाली.

जेमालवर मी उगीच चिडलो. तुझी पत्रं मला वाचताच येत नव्हती असंही नाही. अक्षरं आपल्या तुर्कीचीच आहेत. मोठ्याने एकेक शब्द उच्चारला असता तर वीस वर्षांपूर्वीच निम्मं कळलं असतं. मला जर्मन येत नाही, हे माझ्या फार सोयीचं होतं. इस्पितळात, कचेरीत, तुझ्या पत्रांपुढे, सगळीकडे.

जेमालला काल फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, ताईला तुम्हीच लिहा. मी सांगणार नाही." बरोबर बोलला. तुझी मावशी आणि गावातली जी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांनाही मी लिहिलं आहे. दोषी मुलगी नव्हती, मी होतो, असं सरळ लिहिलं आहे. पत्र मशिदीपुढच्या बाकावर मोठ्याने वाचलं जाईल. गावात पत्रं तशीच वाचतात, तुला माहीत आहे.

ईदेला ये असं मी यंदा लिहीत नाही. दार उघडं आहे, पण बोलावण्याचा माझा हक्क मीच घालवला. तुझी मुलगी मोठी झाल्यावर तिला आजोबांबद्दल जे सांगावंसं वाटेल ते सांग, मऊ करून सांगू नकोस. आणि हे पत्र तू एकटीच वाच. मोठ्या बायका आपल्या बापाच्या पत्रावर रडल्या की मुलं घाबरतात.

त्या दिवशी तू खोटं बोलली नाहीस, नेरिमान. तू मला जे पेलेल तेवढंच दिलंस, आणि मी ते घेऊन तुला एकटीला बोळात उभं ठेवलं.

तुझ्या अठ्ठावीस पत्रांना एकच उत्तर: हो, कळलं होतं.

त्या दिवसापासून तुझा अपराधी,
दुर्सुन केस्किन, तुझा बाप